फिल बरबँकचा मृत्यू: एका दोराचा पंचनामा

आधीच सांगून ठेवतो, 'द पॉवर ऑफ द डॉग' हा पिक्चर बघितला नसेल तर इथेच थांबा आणि आधी बघून या, कारण खाली मी कोण मेलं, कोणी मारलं, कशाने मारलं, सगळं फोडणार आहे.

मी पहिल्यांदा बघितला तेव्हा खून झालाय हेच मला कळलं नव्हतं. शेवट झाला, नावं वर सरकायला लागली आणि मी आपला बसलोय की अरे, हा एवढा धडधाकट माणूस एकदम आजारी कसा पडला, मेला कसा, आणि तो पोरगा खिडकीत उभा राहून हसतोय कशाला. मग दुसऱ्यांदा लावला तेव्हा मामा घरी आलेले. मामा पशुसंवर्धन खात्यातून रिटायर झालेत, सगळी नोकरी लोकांच्या गोठ्यांत गेली, इंग्लिश पिक्चरचं त्यांना काही पडलेलं नाही, सोफ्यावर पेपर वाचत होते आणि घोडे दिसले की तेवढ्यापुरती मान वर. तर तो सीन आला, पोरगा एकटाच घोड्यावरून डोंगरात जातो, तिथे एक मेलेली गाय पडलेली असते, तो खाली उतरतो, हातमोजे बाहेर काढतो आणि अगदी सावकाश, नीट, एकेक बोट बसवून घालतो. मामांनी पेपर खाली ठेवला.

"हा मोजे कशाला घालतोय? फाशीने मेलंय का ते जनावर?"

पिक्चर अजून अर्धा तास तरी बाकी होता. म्हणजे ज्या गोष्टीसाठी मला पिक्चर दोनदा बघावा लागला ती मामांनी अर्धवट बघून सांगितली, आणि तीही सबटायटल न वाचता. तेव्हापासून डोक्यात बसलंय की या खुनाचा पुरावा लपवलेलाच नाही, तो समोर टाकून ठेवलाय, फक्त ज्यांचा जनावरांशी रोजचा संबंध आहे त्यांनाच तो पुरावा म्हणून दिसतो. बाकीच्यांना नुसता एक मुलगा दिसतो ज्याला कातडं पाहिजे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अँथ्रॅक्सला आपल्याकडे जनावरांच्या बाबतीत फाशी म्हणतात, काळपुळी पण म्हणतात. माणसाला कातडीतून झाला की आधी पुटकुळी येते, मग फोड, मग मधोमध कोळशासारखी काळी खपली, म्हणून ते काळपुळी नाव, आणि गंमत म्हणजे अँथ्रॅक्स हा शब्दही कोळशाच्या ग्रीक शब्दावरूनच आलाय. फाशी हे नाव या प्रकरणात किती चपखल बसतं ते पुढे येईलच.

तर आधी मूळ मुद्देमाल. कादंबरी थॉमस सॅव्हेज यांची, १९६७ साली आली. सॅव्हेज जन्मले १९१५ मध्ये, आई-वडिलांचा घटस्फोट झाला, आईने अमेरिकेतल्या माँटानामधल्या एका रँचवाल्याशी (रँच म्हणजे गुरं पाळायची मोठी जमीन) दुसरं लग्न केलं आणि हे पोर त्या रँचवर वाढलं. त्या सावत्र घरात एक काका होता, हुशार, तिखट जिभेचा, सगळ्यांना धाकात ठेवणारा. कादंबरीतला फिल त्याच्यावरून घेतलाय हे जगजाहीर आहे. नव्या नवऱ्याच्या घरात आलेली आई आणि तिचा पुस्तकी मुलगा हे पण घरचंच. सॅव्हेज स्वतः समलैंगिक होते, लग्न केलेलं होतं, बायको पण कादंबरीकार, मुलं झाली, आणि तेव्हाच्या अमेरिकेत या विषयावर मोकळं बोलायची सोय नव्हती हे वेगळं सांगायला नको. पुस्तकाचं कौतुक झालं, खप मात्र काही झाला नाही. एकूण तेरा कादंबऱ्या लिहिल्या या माणसाने आणि तरी नाव मागे पडलं. २००१ मध्ये लेखिका ॲनी प्रू यांच्या शेवटच्या टिपणासकट ही कादंबरी पुन्हा छापली तेव्हा कुठे लोकांनी परत हातात घेतली, आणि २००३ मध्ये सॅव्हेज गेले. पिक्चरचे हक्क मधल्या काळात बऱ्याच जणांनी घेऊन ठेवलेले, पॉल न्यूमनसारख्या नटाने सुद्धा, पण झालं काहीच नाही. शेवटी पिक्चरची दिग्दर्शिका जेन कॅम्पियनच्या हातात तिच्या सावत्र आईने पुस्तक दिलं. या गोष्टीत सावत्र नाती कुठे कुठे उगवतात बघा.

आता प्रकरणातली माणसं. साल १९२५, माँटाना. मोटारी आल्यात पण रँचवर अजून घोडाच चालतो. फिल आणि जॉर्ज बरबँक, दोघे भाऊ, चाळिशीतले, पंचवीस वर्षं मिळून रँच चालवतायत, एवढा मोठा वाडा असून लहानपणासारखे एकाच खोलीत शेजारी शेजारी झोपतात. जॉर्ज म्हणजे पडद्यावर जेसी प्लेमन्स, कमी बोलणारा, नीटनेटका, सूटबूट घालून घोड्यावर बसणारा. फिल म्हणजे बेनेडिक्ट कंबरबॅच, भावाला सगळ्यांसमोर जाड्या म्हणणारा, आंघोळीचं नाव न काढणारा. आणि मग गव्हर्नर जेवायला येतात तेव्हा कळतं की हा माणूस येल विद्यापीठात ग्रीक-लॅटिन शिकलेला आहे. म्हणजे ती मळकट कपडे, तो वास, ती गावठी भाषा, सगळं ठरवून घेतलेलं सोंग आहे. सोंग कोणासारखं? तर ब्रॉन्को हेन्री नावाच्या एका जुन्या काउबॉयसारखं, ज्याने याला घोडा, दोर, सगळं शिकवलं, जो मरून वीसेक वर्षं झालीत आणि ज्याचं खोगीर फिलने अजून तेल लावून जपून ठेवलंय. पिक्चरमध्ये ब्रॉन्को हेन्री एकदाही दिसत नाही, तरी सगळ्यात जास्त जागा तोच अडवून बसलाय.

रोज नावाची एक विधवा, कर्स्टन डन्स्ट, एक छोटी खाणावळ चालवते. तिचा मुलगा पीटर, कोडी स्मिट-मॅकफी, काडीसारखा उंच, तोतरं बोलतोय असं वाटावं इतका जपून बोलणारा. बाप डॉक्टर होता, त्याने गळफास लावून घेतला आणि दोर कापून त्याला खाली उतरवला तो या पोराने, एकट्याने.

पहिली ठिणगी खाणावळीत पडते. पीटरने टेबलावर कागदाची फुलं करून ठेवलेली असतात. फिल त्यातलं एक उचलतो, कोणत्या पोरीने केली ही फुलं असं विचारतो, पोरगा भाबडेपणाने सांगतो की मी केली, कशी केली ते पण सांगतो, आणि सगळे गडी फिदीफिदी हसत असताना फिल ते फूल मेणबत्तीवर पेटवून त्यावर सिगरेट शिलगावतो. मग पाण्याच्या भांड्यात विझवतो. रोज आत स्वयंपाकघरात रडत बसते, जॉर्ज तिची समजूत काढायला जातो, आणि त्यातूनच पुढे गुपचूप लग्न करून तिला घरी घेऊन येतो. इथून फिलचा छळ सुरू. आणि छळ म्हणजे मारहाण नाही हां, एक बोट लावत नाही तो तिला. जॉर्जने हौसेने पियानो आणलाय, तिला तो धड येत नाही, ती रडतखडत एक धून बसवायचा प्रयत्न करते, वरच्या खोलीत फिल बँजो घेऊन बसलाय, ती अडखळली की तो तीच धून सफाईने वाजवतो. ती थांबली की तो थांबतो. ती पुन्हा सुरू करते, तो पुन्हा. एवढंच. सासुरवासाच्या गोष्टी ऐकत मोठे झालेले आपण लोक, आपल्याला हे लगेच कळतं. भांडण झालं असं कोणाला सांगताही येणार नाही, पण बाई मात्र आतून संपते. रोज दारूला लागते, बाटल्या लपवायला लागते.

आणि मग सुट्टीत पीटर रँचवर येतो.

आता मी घटनाक्रम लावतो, कारण सगळी मेख क्रमात आहे आणि मला वाटतं बऱ्याच लोकांनी तो क्रम नीट बघितलेला नाही.

एक तर अगदी सुरुवातीला, गुरं हाकत नेताना, वाटेत मेलेल्या जनावरापासून लांब राहायचं हे बोललं जातं. पिक्चर सुरू होऊन मिनिटं झालेली, कोण लक्ष देतंय. नंतर बैल खच्ची करायचं काम चाललंय, फिल उघड्या हाताने करतो, मोजे नाहीत, ते त्याच्या मर्दपणात बसत नाही. कॅमेरा त्याच्या हाताकडे जातो, रक्त, चिखल. हे हात लक्षात ठेवा असं पिक्चर ओरडून सांगत नाही, पण पुढे शेवटपर्यंत हातच दाखवत राहतो, वादी विणणारे, खोगीर पुसणारे, आणि कंगव्याच्या दातांवर अंगठा फिरवणारे पीटरचे पण. मधे पीटर एक ससा पकडून आणतो, घरातली कामवाली कौतुकाने त्याच्यासाठी गाजर घेऊन जाते आणि बघते तर त्याने ससा चिरून टेबलावर मांडलाय, डॉक्टरकीचा अभ्यास म्हणे. बापाची जाडजूड वैद्यकाची पुस्तकं आहेत त्याच्याकडे.

मग पीटरला फिलची लपायची जागा सापडते. झाडीतून सरपटत जायची वाट, आत पुरुषांच्या उघड्या अंगाच्या चित्रांची जुनी मासिकं, त्यावर ब्रॉन्को हेन्रीचं नाव, आणि पुढे पाण्यात फिल, एकटा, गळ्यात एक जुना रुमाल. फिल त्याला बघतो आणि शिव्या देत पळवून लावतो. यानंतर माझा अंदाज होता की आता याची खैर नाही. पण होतं उलटं, फिल त्याला जवळ करतो. घोडा शिकवतो, ब्रॉन्को हेन्रीच्या खोगिरावर बसवतो, आणि म्हणतो की तू शाळेला परत जायच्या आत तुझ्यासाठी कातडी दोर विणून देतो. हे प्रेम आहे का डाव आहे ते सुरुवातीला कळत नाही, रोजलाही कळत नाही, ती तर घाबरून अर्धी होते. मला विचाराल तर सुरुवात डावाने झाली आणि नंतर त्याचं त्यालाच आवरेना.

आता लक्ष द्या. पीटर एकटाच डोंगरात जातो, मेलेली गाय, मोजे, कातड्याच्या पट्ट्या. हे आधी. त्यानंतर एका दिवशी दोघे कुंपणाच्या लाकडांच्या ढिगाऱ्यात शिरलेल्या सशाला हुसकत असतात, त्यात फिलचा हात लाकडाने चांगला फाटतो. पीटर म्हणतो मी बघू का जखम, फिल नको म्हणतो. पीटर सशाला हातात घेऊन कुरवाळतो आणि कुरवाळता कुरवाळता मान मोडतो. आणि त्यानंतर पीटरची आई रोज, दारूच्या अमलात म्हणा किंवा सूड म्हणून म्हणा, कुंपणावर वाळत घातलेली सगळी कातडी दारात आलेल्या आदिवासी व्यापाऱ्यांना देऊन टाकते. फिलची पद्धत अशी की नको असलेली कातडी जाळून टाकीन पण त्या लोकांना देणार नाही. तिला बदल्यात काय मिळतं? हातमोजे. मऊ, सुंदर, हातात धरून ती गालाला लावते. मोजे न घालणाऱ्याचा जीव मोज्यांच्या या एका जोडाने घेतला असं म्हटलं तरी चालेल, कारण दोराला शेवटच्या काही वाद्या कमी पडतात आणि फिल चवताळून उठतो.

तेव्हा पीटर त्याच्या दंडावर हात ठेवतो आणि म्हणतो माझ्याकडे आहे कातडं, मी तुझ्यासारखं व्हायचं म्हणून कापून ठेवलं होतं. फिल विरघळतो. असं कोणी आपल्यासाठी काही करून ठेवल्याचं त्याला ब्रॉन्को हेन्रीनंतर पहिल्यांदाच दिसतंय.

तर क्रम असा झाला की विष आधी तयार होतं, जखम नंतर झाली, आणि गरज त्याहून नंतर पडली. जखम योगायोग, कातडी विकली जाणं योगायोग, पण पोरगा आठवडाभर की किती दिवस ते कातडं जवळ ठेवून वाट बघत होता हा काही योगायोग नाही. अमुक दिवशी अमुक करायचं अशी योजना नसेल, पण दारूगोळा भरून ठेवलेला होता. आणि रोजला तर पत्ताच नाही की आपण मधली एक कडी जोडलीय. मला हे सगळ्यात थंड वाटतं. आई वाचली, आणि आईचाच हात त्यात लागला, आणि हे फक्त मुलाला माहीत.

मग ती रात्र. गोठ्याच्या बाजूची जागा, कंदील, फिल वाद्या पाण्यात भिजवतोय आणि कॅमेरा त्या पाण्यात त्याचा फाटलेला हात दाखवतो. कच्चं कातडं भिजवल्याशिवाय वळत नाही, कोरडं असताना ते लाकडासारखं, भिजलं की मऊ पडतं, ओढून पीळ घालता येतो आणि वाळलं की तसंच घट्ट बसतं. म्हणजे जे कसब फिलच्या अंगात ब्रॉन्को हेन्रीने भिनवलं त्याच कसबाचा भाग म्हणून त्याला हात त्या पाण्यात घालावाच लागतो. पीटर विचारतो, तुम्ही दोघं जिवलग मित्र होता का. फिल सांगतो की एकदा डोंगरात भयंकर थंडी पडली, हेन्रीने अंगाला अंग लावून झोपून माझा जीव वाचवला. पोरगा विचारतो, उघड्या अंगाने? फिल हसतो, उत्तर देत नाही. पीटर सिगरेट वळतो, स्वतः एक झुरका घेतो, मग त्याच्या ओठांना लावतो, मग परत स्वतः. अख्ख्या पिक्चरमधला एकमेव प्रेमाचा सीन आणि तो खुनाचा सीन. केसाने गळा कापणे हा वाक्प्रचार आपण किती सहज वापरतो, इथे कातड्याने कापलाय.

सकाळी फिल नाश्त्याला येत नाही. जॉर्ज बघायला जातो तर हात सुजून काळानिळा, तापाने फणफणलेला. तशाही अवस्थेत तो पूर्ण झालेला दोर हातात घेऊन अंगणात पोराला शोधतोय. जॉर्ज गाडीत घालून नेतो. पुढच्या सीनला शवपेटी.

अंत्यविधीला डॉक्टर जॉर्जला म्हणतो की बहुतेक अँथ्रॅक्स असावा. जॉर्ज चक्रावतो, कारण फिल आजारी जनावराला कधी हात लावायचा नाही. बस. पिक्चरमध्ये एवढंच एक वाक्य. कोणी तपास करत नाही, कोणी कबूल करत नाही.

आता इथे कादंबरी आणि पिक्चर वेगळे होतात. सॅव्हेजने शेवटच्या पानावर सगळं सांगून टाकलंय. बापाच्या काळ्या पुस्तकांत पीटरने वाचलेलं, की हा जनावरांचा रोग माणसाला होतो, कातडी फाटलेली असली की रक्तात जातो, उदाहरणार्थ जखमी हाताने कोणी रोगट जनावराच्या कातड्याचा दोर वळला तर. आणि मग कुत्रा मेला, एवढं म्हणून पुस्तक संपतं. वाचताना अंगावर काटा येतो, कारण ते उदाहरणार्थ म्हणजे मागची सगळी पानं. कॅम्पियनने ते पान काढून टाकलं आणि त्याच्या जागी काय ठेवलं, तर मोजे. गाय कापताना मोजे आणि शेवटी दोर हाताळताना पुन्हा मोजे. जे कादंबरीत वाक्यात होतं ते तिने वस्तूत ठेवलं. पटकथेच्या क्लासमध्ये दाखवतात की नाही माहीत नाही, पण दाखवायला हवं.

दुसरा बदल मला तितकासा पचलेला नाही. कादंबरीत पीटरचा बाप, जॉनी गॉर्डन, हा मोठं पात्र आहे. साधा, भला, पिणारा डॉक्टर. दारूच्या गुत्त्यात फिल त्याचा सगळ्यांदेखत अपमान करतो, पोराला बायकी म्हणतो, त्याला धरून भिरकावून देतो, आणि जॉनी त्यातून कधी सावरत नाही, पुढे जीव देतो. म्हणजे कादंबरीत पीटरकडे फिलचं जुनं देणं आहे, बापाचं. पिक्चरने बाप आधीच मारून टाकलाय, फिलचा त्याच्या मरणाशी संबंध नाही, आणि पीटरकडे कारण राहतं ते एकच, आई. का केलं असेल हे कळतं मला. बापाचा सूड ठेवला असता तर प्रेक्षक पहिल्यापासून हिशोब मांडत बसले असते, आणि ती गोठ्यातली रात्र इतकी दुटप्पी झाली नसती. पण जॉनी गेल्यामुळे पीटर जरा जास्तच थंड होऊन बसला, एखाद्या सापासारखा, आणि तो तसा नाही असं मला कादंबरी वाचताना वाटलेलं. बदल्यात कॅम्पियनने एक गोष्ट केली, पिक्चरच्या पहिल्याच क्षणी काळ्या पडद्यावर पीटरच्या आवाजात सांगून टाकलं की बाप गेल्यावर मला फक्त आईचं सुख हवं होतं, आईला वाचवलं नाही तर मी कसला पुरुष. म्हणजे कबुलीजबाब पहिल्या मिनिटालाच दिलाय. आपण पॉपकॉर्न उघडत असतो.

बापाचं एक वाक्य पिक्चरने ठेवलंय. पीटर फिलला सांगतो की बाप म्हणायचा, अडथळे असतात ते दूर करायचे. आणि बापाला काळजी होती की हा पोरगा पुरेसा मायाळू नाही, फार कणखर आहे. फिल हसून म्हणतो, तू, कणखर? अंदाज चुकला त्याचा. सबंध पिक्चरमध्ये फिल कोणालाही एका नजरेत ओळखतो आणि नेमका इथे फसतो. डोंगराच्या सावलीत भुंकणारा कुत्रा दिसतो तो फक्त त्याला आणि हेन्रीला असं त्याला वाटायचं, पीटर बघताक्षणी म्हणतो कुत्रा आहे तो. फिलला वाटतं हा आपल्यातला. आहेच की, पण कुठल्या बाजूने ते त्याने विचारलं नाही. नाव बायबलच्या बाविसाव्या स्तोत्रातलं आहे, माझ्या जिवलगाला कुत्र्याच्या तावडीतून सोडव अशी विनवणी, आणि अंत्यविधीला न जाता पीटर घरी बसून तेच वाचतो.

आणि आता ते फाशीचं. इंग्लिशमध्ये हे दिसणारच नाही, मराठीतच दिसतं. बाप फाशी घेऊन गेला, मुलाने तो दोर कापला. फिल फाशी रोगाने गेला, मुलाने त्या दोराचा माल पुरवला. सॅव्हेजच्या किंवा कॅम्पियनच्या हे गावीही नसणार, पण एकदा सुचल्यावर डोक्यातून जात नाही.

मामांना मात्र हे सगळं सांगितल्यावर त्यांनी वेगळीच उलटतपासणी घेतली. पहिला मुद्दा, एका रात्रीत इतका कसा चढला. कातडीतून शिरलेला अँथ्रॅक्स वर यायला साधारण एक ते सात दिवस लागतात, इथे रात्री हात भिजवला आणि सकाळी माणूस आडवा. दुसरा मुद्दा, कातडीचा प्रकार उपचार नाही केला तरी दहा-वीस टक्क्यांच्या आसपासच जीव घेतो, श्वासातून गेला तर गोष्ट वेगळी. म्हणजे पोराने लावलेला जुगार हरायचीच शक्यता जास्त होती. तिसरा, त्याने फक्त मोजे घातले, नाकातोंडाचं काय? अशा जनावराला फाडायचंच नाही, हवा लागली की जंतूंचे बीजाणू तयार होतात आणि ते मातीत वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून न चिरता खोल खड्डा करून चुना टाकून पुरायचं किंवा जाळायचं, हे मामांनी आयुष्यभर लोकांना सांगितलं आणि अर्ध्या लोकांनी ऐकलं नाही. मी म्हटलं मामा, पिक्चर आहे तो. ते म्हणाले, हो, पण बाकी गुरांचं सगळं बरोबर दाखवलंय, मग हे का नाही. यावर मी काही बोललो नाही. १९२५ मध्ये पेनिसिलिन नव्हतं, ते १९२८ मध्ये सापडलं आणि वापरात यायला चाळीसचं दशक उजाडलं, त्यामुळे एकदा रक्तात भिनलं की डॉक्टरच्या हातात फार काही नव्हतं, एवढीच सॅव्हेजची बाजू मी मांडू शकलो.

गुरांचं बरोबर दिसतं त्याचं कारण कंबरबॅचने खरंच घाम गाळलाय, वाद्या विणायला शिकला, बँजो शिकला, खच्चीकरण शिकला, आणि एवढ्या सिगरेटी ओढल्या की तीनदा निकोटिनची विषबाधा झाली असं त्यानेच सांगितलंय. सेटवर तो आणि डन्स्ट एकमेकांशी बोलायचे नाहीत. आणि ते माँटाना म्हणजे मुळात न्यूझीलंड, दक्षिणेकडचा ओटागो भाग, २०२० च्या सुरुवातीला शूटिंग चालू झालं, कोविडने बंद पडलं, मग पुन्हा उभं केलं. डोंगर इतके उघडेबोडके आहेत की माणसाला लपायला झाडांची ती एकच राई उरते. संगीतकार जॉनी ग्रीनवुडने चेलो बँजोसारखा छेडून वाजवलाय, म्हणजे संगीतातही फिलने रोजचा धरलेला पाठलाग चालूच.

बाकी पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २०२१ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचं सिल्व्हर लायन, ऑस्करची १२ नामांकनं आणि हातात एकच, दिग्दर्शनाचं. दिग्दर्शनाचं ऑस्कर घेणारी कॅम्पियन तिसरी बाई. सॅम एलियटसारखा जुना वेस्टर्नवाला नट चिडून म्हणाला की या न्यूझीलंडच्या बाईला अमेरिकन वेस्टचं काय कळतं, त्यावर बरीच तू-तू मैं-मैं झाली. गंमत एवढीच की गोष्ट लिहिणारा माणूस माँटानातल्या रँचवरच वाढलेला होता.

माझं स्वतःचं फिलबद्दलचं मत अजून हेलकावे खातं. पहिल्या वेळी मेला तर बरं झालं वाटलेलं. आता तो दोर घेऊन अंगणात भेलकांडत पोराला शोधतो तिथे मला बघवत नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, याचा पीळ त्या एका रात्रीत सुटला होता, आणि नेमका तेव्हाच.

शेवटचा सीन आला तेव्हा मामा चपला शोधत होते. पडद्यावर पीटर मोजे घातलेल्या हाताने तो दोर उचलतो, जरा वेळ बोटं फिरवतो आणि पलंगाखाली सरकवून ठेवतो, मग खिडकीतून आईला आणि जॉर्जला एकमेकांना बिलगताना बघतो. मामा दारात थांबले.

"पलंगाखाली ठेवला? अरे, जाळायचा ना तो!"

आणि तसेच पुटपुटत खाली उतरले.